आधी गवत, मग कालवड, मग दूध



हल्ली एकच प्रश्न मला वेगवेगळ्या गावांहून येतो. कधी सातारा, कधी बेळगाव, कधी इंदूर, तर कधी अगदी बडोदा. "सर, पन्नास गायींचा फार्म टाकायचाय. गायी पंजाबातून आणू की हरियाणातून?" मी उलट विचारतो, "गवत किती आहे?" फोनवर जरा शांतता होते. मग उत्तर येतं, "चारा काय, विकत मिळतो ना सर." आजचा भाग या उत्तरावरच आहे.

नव्या मंडळींसाठी दोन शब्द माझ्याबद्दल. मी कृषी पदवीधर. सैन्यात होतो, पण रणगाड्यावर बसलो नाही. मिलिटरी फार्म्स या खात्यात नोकरी झाली. आयुष्य गायी, वासरं आणि गवताच्या गाठी मोजण्यात गेलं. निवृत्तीनंतर झाशीत, सिविल लाइन्समध्ये राहतो. महाराष्ट्रातून पाहुणे आले की त्यांना राणीसाहेबांचा किल्ला बघायचा असतो, ते योग्यच आहे. पण किल्ला झाला की मी त्यांना ग्वाल्हेर रस्त्यावर गवत बघायला नेतो. बायको म्हणते, पाहुण्यांना गवत दाखवणारा झाशीतला तुम्ही एकटेच. असेन. पण त्या रस्त्यावर १९६२ साली स्थापन झालेली भारतीय चरागाह आणि चारा संशोधन संस्था आहे, आणि देशात गवताचा विचार करणारी एवढी मोठी जागा दुसरी नाही.

आधी मिलिटरी फार्म म्हणजे काय ते सांगतो, कारण आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर गोपालन कसं चालतं याचं सगळ्यात लांबलचक उदाहरण तेच आहे. पहिला फार्म १ फेब्रुवारी १८८९ रोजी अलाहाबादला उभा राहिला. छावणीतल्या गोऱ्या सैनिकांना स्वच्छ दूध मिळावं, एवढाच हेतू. स्वातंत्र्यानंतरच्या काळात देशभर असे १३० फार्म होते आणि त्यांत ३० हजार जनावरं होती. पुण्याच्या मंडळींना पिंपरीचा फार्म आठवत असेल. नगर, कामठी, महू, जबलपूर, सिकंदराबाद आणि आमची झाशी, जिथे मोठी छावणी तिथे बहुतेक फार्म. लष्कराच्या निवेदनात आकडे आहेत: वर्षाला साडेतीन कोटी लिटर दूध आणि २५ हजार टन गाठी बांधलेलं वाळकं गवत. दुधाचा आकडा लोक ऐकतात, गवताचा ऐकत नाहीत. ते गवत घोड्या-खेचरांच्या तुकड्यांना जायचं. डोंगरात जिथे गाडी जात नाही तिथे आजही खेचर जातं, आणि खेचर डिझेलवर चालत नाही.

पुढे २०१६ साली लेफ्टनंट जनरल शेकटकर समितीचा अहवाल आला. २०१७ मध्ये सरकारने उरलेले ३९ फार्म बंद करायचं ठरवलं आणि ३१ मार्च २०२१ रोजी दिल्ली छावणीत निरोपाचा समारंभ झाला. लोक मला विचारतात, वाईट वाटलं का? वाटलं. पण मत विचाराल तर दोन भाग करून सांगतो. दुधासाठी फार्म चालवायची गरज उरली नव्हती, हे मला मान्य आहे. अमूल झालं, प्रत्येक राज्यात दूध संघ झाले, पिशवीतलं दूध छावणीच्या दारात येऊ लागलं. पण त्या फार्मांवर दुधाखेरीज दोन कामं होत होती आणि ती दुसरं कोणी त्या प्रमाणावर करत नव्हतं. एक, हजारो एकर नैसर्गिक गवत वेळेवर कापून, वाळवून, गाठी बांधून ठेवणं. दोन, आपल्याच कळपात जन्मलेली कालवड वाढवून गाय करणं. हे ज्ञान कुठल्याही एका पुस्तकात नाही. ते रजिस्टरांत होतं आणि माणसांच्या हातात होतं. रजिस्टरं गेली कुठल्यातरी कपाटात. माणसं माझ्यासारखी, साठी ओलांडलेली. म्हणून हे बोलणं.

आता गणित. वही घ्या.

तुमच्याकडे शंभर गायी आहेत असं धरू. वर्षाला ऐंशी-पंच्याऐंशी वासरं होतात, त्यांतल्या निम्म्या कालवडी, म्हणजे चाळीस. दरवर्षी वीस-पंचवीस गायी म्हातारपण, कासदाह, गाभण न राहणं अशा कारणांनी कळपातून काढाव्या लागतात आणि त्यांच्या जागी या कालवडी यायच्या असतात. प्रश्न एवढाच की कालवड पहिल्यांदा व्याते कधी. सत्तावीस महिन्यांना व्यायली, तर तुमच्या फार्मवर कोणत्याही दिवशी सव्वादोन वर्षांच्या कालवडी असतात, चाळीस गुणिले सव्वादोन, म्हणजे नव्वद. छत्तीस महिन्यांना व्यायली तर चाळीस गुणिले तीन, म्हणजे एकशेवीस. गायी तेवढ्याच, दूध तेवढंच, पण तीस तोंडं जादा. ही तीस तोंडं काहीच देत नाहीत, फक्त खातात. वाढीच्या वयाची कालवड सरासरी दिवसाला सहा किलो सुकं खाद्य खाते असं धरा. दिवसाला १८० किलो. वर्षाला जवळजवळ ६६ टन. आमच्या बुंदेलखंडातलं नुसतं राखलेलं, वर काही न केलेलं कुरण हेक्टरी दीड-दोन टन वाळकं गवत देतं. दोन टन धरले तरी ३३ हेक्टर, म्हणजे ऐंशी एकरांवरचं गवत निव्वळ उशिरापायी गेलं.

हा तोटा कुठल्याही हिशेबात दिसत नाही. दूध कमी झालं की मालक ओरडतो. कालवड नऊ महिने उशिरा व्यायली तर कोणी ओरडत नाही, कारण ती कोपऱ्यात शांतपणे उभी असते.

मग ती उशिरा का व्याते? लोक म्हणतात, जात तशी, वंश तसा. थोडंफार खरं. पण संकरित कालवड वयावर माजावर येत नाही, वजनावर येते. जन्मतः तीस किलो. रेतन करण्याजोगं वजन साधारण २६५ किलो. मधले २३५ किलो चढवायचे आहेत. रोज अर्धा किलो चढले तर ४७० दिवस लागतात, साडेपंधरा महिने. पुढे एक-दोन माज इकडेतिकडे, आणि नऊ महिन्यांहून थोडं जास्त गाभणपण, की आली सत्तावीसच्या आसपास. रोज तीनशे ग्रॅम चढले तर तेच अंतर सव्वीस महिन्यांचं, आणि व्यायला तीन वर्षं उलटतात. पाचशे आणि तीनशे ग्रॅम. फरक दोनशे ग्रॅमचा, चिमूटभर नाही का? पण माझ्या अनुभवात मोठ्या कळपाचं नशीब या दोनशे ग्रॅमवर ठरतं.

आणि हे दोनशे ग्रॅम येतात कुठून, तर गवत कोणत्या महिन्यात कापलं त्यातून.

आपल्याकडच्या कुरणांबद्दल एका मराठी माणसाने मोठं काम केलंय, त्यांचं नाव फारसं कोणाला माहीत नाही म्हणून मुद्दाम घेतो. पी. एम. दबडघाव. त्यांनी आणि के. ए. शंकरनारायण यांनी देशभरच्या गवताची पाहणी करून भारताचं गवत-आच्छादन पाच प्रकारांत मांडलं. त्यांचं पुस्तक १९७३ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने काढलं. त्या मांडणीत झाशी आणि महाराष्ट्राचं पठार एकाच प्रकारात येतात. ज्याला तुम्ही पवना म्हणता आणि ज्याला मारवेल म्हणता, त्या गवतांचा हा पट्टा. म्हणजे मी इथे झाशीत बसून जे सांगतोय ते माण-खटावच्या माळाला आणि यवतमाळच्या रानाला बऱ्याच अंशी लागू पडतं.

हे गवत पावसावर वाढतं, सप्टेंबरअखेर फुलोऱ्यात येतं आणि ऑक्टोबर संपता संपता पिकून पिवळं पडायला लागतं. फुलोऱ्याला कापलं तर त्यात सहा-सात टक्के प्रथिनं असतात. डिसेंबरात उभं वाळलेलं कापलं तर दोन-तीन टक्के. जनावराच्या मोठ्या पोटात, म्हणजे रवंथाच्या पोटात, गवत पचवणारे सूक्ष्म जीव असतात. खाद्यातली प्रथिनं सात टक्क्यांच्या खाली गेली की त्या जीवांचीच उपासमार सुरू होते. ते गवत फोडेनासे होतात, पोट रिकामं व्हायला वेळ लागतो आणि जनावर कमी खातं. पोट टम्म दिसतं, पाठीची हाडं वर येतात. अशी कालवड तुम्ही पाहिली असेल. मालक म्हणतो, "पोटभर खाते हो, पण अंगी लागत नाही." अंगी लागेल कसं? गोणपाट खातेय ती.

आता "पावसाळा संपला की बघू, दिवाळी झाली की मजूर मिळतील" हा विचार किती महाग पडतो बघा. दिवाळी कधी ऑक्टोबरच्या मध्याला, कधी नोव्हेंबरात. गवत दिवाळीसाठी थांबत नाही.

आणखी एक कारण आहे लवकर कापायचं. कुसळी. माळावर हे गवत असतंच. कोवळं असताना जनावर आवडीने खातं. पिकलं की त्याची कुसळं सुईसारखी होतात, हिरड्यांत, जिभेखाली, ओठांत रुततात. तोंड आलेलं जनावर खात नाही आणि मालक समजतो लाळ्या-खुरकूत झालं.

कापणीचं तंत्र सोपं आहे, पण शिस्त लागते. पाऊस परतल्याची खात्री झाली की जेवढं तीन दिवसांत वाळवून उचलता येईल तेवढंच कापायचं. सगळं रान एकदम आडवं करायचं नाही. सकाळी दव उठल्यावर विळा किंवा ट्रॅक्टरचं कापणी यंत्र लावायचं. जमिनीपासून चार बोटं, बरं असेल तर सहा बोटं वर कापायचं. अगदी मुळाशी खरवडलं तर पुढच्या वर्षी बुंधा फुटत नाही आणि गाठीत माती येते ती वेगळीच. पातळ पसरायचं, संध्याकाळी एकदा उलटायचं, दुसऱ्या दिवशी ओळी करायच्या. ऑक्टोबरचं आमच्याकडचं ऊन खणखणीत असतं, दोन-तीन दिवसांत काम होतं. घाटमाथ्यावर आणि कोकणात हे जमत नाही, तिथल्या मंडळींनी मुरघास करावा. उगाच काळं पडलेलं गवत गंजीला लावू नये.

वाळलं की नाही हे ओळखायचं कसं? मूठभर गवत घेऊन पिळा. काड्या कडकन तुटल्या आणि हाताला ओल लागली नाही, तर तयार. नुसती वाकली तर अजून एक दिवस. खात्री करायची असेल तर कोरड्या काचेच्या बरणीत बारीक चिरलेलं गवत आणि चमचाभर कोरडं मीठ घालून दोन-तीन मिनिटं हलवा. मिठाचे गोळे झाले तर ओल जास्त आहे. मीठ मोकळं राहिलं तर बांधा गाठी. एका पैचा खर्च नाही.

ओल राहिली तर काय होतं? नुसती बुरशी आली तर नशीब म्हणा. ओल्या गाठींच्या गंजीत आतून उष्णता वाढत जाते. लोखंडी गज गंजीत खोल खुपसून अर्धा तास ठेवायचा आणि बाहेर काढून हात लावायचा. हातात धरवत नसेल तर गंजी ताबडतोब उघडायची, पण आधी पाण्याची सोय जवळ ठेवून, कारण वारा लागताच पेट घेऊ शकते. विडी न ओढताही गंजी जळते, हे शहरातल्या माणसाला खोटं वाटतं. म्हणून आमच्याकडे नियम होते: सगळं गवत एका जागी नाही, दोन गंज्यांत भरपूर अंतर, भोवती नांगरलेला पट्टा, खाली दगड किंवा लाकडी ओंडके, वर उतार. सुरुवातीला जवान हसायचे, साहेब गवताला पहारा लावतात म्हणून. वर्षाचं अन्न आहे ते. पहारा लावलाच पाहिजे.

गाठी का बांधायच्या? कारण मोकळं गवत ट्रॉलीत भरलं तर तुम्ही हवा वाहून नेता. बेलरने दाबलं की तेवढ्याच ट्रॉलीत कितीतरी पट वजन जातं, जागा कमी लागते आणि गाठी मोजता येतात. मोजता येणं हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पंधरा नोव्हेंबरला मला गाठींची संख्या आणि दहा-वीस गाठींचं सरासरी वजन माहीत असलं, की जूनअखेरपर्यंत किती जनावरं पोसता येतील ते मी कागदावर सांगू शकतो. पोसता येणार नसतील तर जनावरं नोव्हेंबरातच विकायची. मे महिन्यात विकायला काढलेल्या जनावराला भाव मिळत नाही, कारण तेव्हा सगळेच विकत असतात.

हां, आणि सगळं रान दरवर्षी फुलोऱ्यात कापू नका. बी पडायला हवं. चार भाग करा, दरवर्षी एक भाग बी धरेपर्यंत राखा, आळीपाळीने. जूनमध्ये पहिल्या पावसाबरोबर कुरणात स्टायलोचं बी टाका. ही शेंगवर्गीय वनस्पती, गवतात मिसळली की गाठीतली प्रथिनं वाढतात आणि जमिनीला नत्र मिळतं. दोन-तीन वर्षांत ती आपली आपण बी टाकत पसरते. आमच्या झाशीच्या संस्थेने नुसतं राखलेल्या रानाचं उत्पन्न अशा सुधारणांनी कितीतरी वाढवून दाखवलंय. एकदा येऊन बघा, फोनवर सांगून पटत नाही. मराठीत "चराऊ कुरण" या शब्दाचा आपण वाईट अर्थ करून टाकला. वर्तमानपत्रं तो भ्रष्टाचारासाठीच वापरतात. पण पावसाळाभर जनावरं मोकळी सोडलेलं कुरण खरंच तसंच लुटलं जातं. पावसाळ्यात राखलं तरच ऑक्टोबरात कापायला काही उरतं.

आता कालवडीकडे वळतो.

वासरू जन्मल्याबरोबर पहिल्या दोन तासांत चीक पोटात गेला पाहिजे. तीस किलोच्या वासराला पहिल्या बारा तासांत तीन लिटर, दोन-तीन वेळा विभागून. कारण गाईची रोगप्रतिकारशक्ती गर्भात वासराला मिळत नाही, ती चिकातूनच मिळते. आणि वासराचं आतडं ती शक्ती जशीच्या तशी शोषून घेतं ते जेमतेम पहिल्या दिवसभर, तेही तासागणिक कमी होत जातं. "वार पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही" ही समजूत मी महाराष्ट्रातही ऐकली आणि बुंदेलखंडातही. या एका समजुतीने किती वासरं गेली असतील. वार पडायची वाट बघू नका. नाळ आयोडिनमध्ये बुडवा, वासरू कोरडं करा, चीक पाजा.

मिलिटरी फार्मवर वासरू जन्मतःच गाईपासून वेगळं करून बादलीने दूध पाजायची पद्धत होती. घरच्या बायकांना ती क्रूर वाटते. माझ्या आईलाही वाटायची. माझं म्हणणं असं: पाच गायी असतील तर वासरू गाईला लावा, काही बिघडत नाही. शंभर गायी असतील तर कुठल्या वासराने किती प्यायलं हे तुम्हाला कळायलाच हवं, आणि ते बादलीशिवाय कळत नाही. वजनाच्या दहा टक्के दूध रोज. दुसऱ्या आठवड्यापासून वासरांचा भरडा आणि मऊ गवत समोर, स्वच्छ पाणी कायम. भरडा पाऊण ते एक किलो खायला लागलं की दूध हळूहळू तोडायचं. जंताचं औषध आणि शिंगांच्या कोंबांचं काम डॉक्टरांना विचारून वेळेवर.

चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेलाची लस एकदाच द्यायची असते. तिच्याकडे फार दुर्लक्ष होतं. ब्रुसेला शिरला तर गायी गाभडतात आणि हा रोग माणसालाही होतो. २०१९ च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही लस आणि लाळ्या-खुरकुताची लस सरकार मोफत देतं. लाळ्या-खुरकूत वर्षातून दोनदा, घटसर्प आणि फऱ्या पावसाळ्याआधी. संकरित जनावरांना गोचिडांमुळे थायलेरिया होतो, तेव्हा गोठ्याच्या भिंतींतल्या फटी बुजवा.

सहा महिन्यांनंतर वासरू सगळ्यांच्या नजरेतून उतरतं. दूध पिणाऱ्या वासराकडे सगळ्यांचं लक्ष असतं, दुभत्या गाईकडे असतं, मधल्या दीड वर्षाच्या कालवडीला उरलंसुरलं मिळतं. गाईने टाकलेला चारा, सगळ्यात लांबची शेड, सगळ्यात नवखा गडी. गडबड इथेच होते. तिला चांगल्या गाठींतलं गवत, शक्य असेल तेव्हा बरसीम किंवा लसूणघास आणि किलो-सव्वा किलो पेंडयुक्त खुराक, खनिज मिश्रण, मीठ मिळालं पाहिजे. वयाने नाही तर वजनाने गट करा. एकाच गव्हाणीवर दीडशे किलोची आणि अडीचशे किलोची ठेवलीत तर मोठी खाते आणि छोटी बघत राहते.

आणि दर महिन्याला वजन. काटा नसेल तर टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर इंचात, खांद्याच्या पुढच्या हाडापासून शेपटीजवळच्या हाडापर्यंत लांबी इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. उत्तर किलोत. घेर ६० आणि लांबी ४८ आली तर २६२ किलो, म्हणजे रेतनाच्या उंबरठ्यावर. दोन महिने लागोपाठ वजन पंधरा किलोच्या खाली चढलं तर तिसऱ्या महिन्याची वाट बघू नका. जंत, गवत, गव्हाण, पाणी या क्रमाने तपासा.

माज सकाळी दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. माज बघायला माणूस पहाटे आणि रात्री उशिरा गोठ्यात पाहिजे. दुपारी बारा वाजता फेरी मारणाऱ्या मालकाला कधीच माज दिसत नाही.

वंशाबद्दलही विचारतात, म्हणून थोडक्यात. मिलिटरी फार्म्सनी १९८० च्या दशकात कृषी अनुसंधान परिषदेबरोबर फ्रीजवाल प्रकल्प हाती घेतला: पाच अष्टमांश होल्स्टीन फ्रीजियन, तीन अष्टमांश साहिवाल. लक्ष्य होतं एका वेताला चार हजार किलो दूध, चार टक्के फॅटचं. काम मोठं होतं, चांगलं होतं. पण मी त्याच वंशाच्या कालवडी चांगल्या गवतावर आणि वाईट गवतावर, दोन्हीवर पाहिल्यात. वाईट गवतावर वंश कागदावर राहतो.

हे सगळं झाशीत बसून बोलताना एक गोष्ट डोळ्यांसमोरून हलत नाही. बुंदेलखंडात अन्ना प्रथा आहे. पूर्वी रब्बी निघाली की रानं मोकळी असायची तेव्हा गुरं सोडून द्यायचे आणि पेरणीला परत बांधायचे. आता ट्रॅक्टर आला, बैल नको झाला, दोन लिटरच्या गाईला वर्षभर खायला घालणं परवडेना. गुरं सुटतात ती बाराही महिने. शेतकरी रात्री थंडीत मचाणावर बसून शेत राखतो, कोणापासून, तर शेजाऱ्याच्या गाईपासून. आमच्या सिविल लाइन्सच्या रस्त्यावरही कचराकुंडीपाशी कालवडी उभ्या असतात, त्यांतल्या कित्येक धडधाकट. उत्तर प्रदेश सरकारने गोआश्रय स्थळं काढली, जनावरामागे रोज तीस रुपये दिले, नंतर पन्नास केले. पैशाने गवत मिळतं, पण गवत कोणीतरी ऑक्टोबरात कापलेलं असलं तर. इकडे हजारो एकर रानं, वनखात्याची, पडीक, गावकीची, डिसेंबरात उभी वाळतात आणि एप्रिलमध्ये वणव्यात जातात. आणि त्याच एप्रिलमध्ये गोआश्रयाला भुसा महाग मिळतो. फार्म बंद झाल्याचं दुःख मला दुधाचं नाही, याचं आहे. दर ऑक्टोबरात शेकडो माणसं रानात उतरवून गवत वेळेत उचलायची सवय असलेली एक यंत्रणा होती.

महाराष्ट्रातल्या मंडळींनी "आमच्याकडे तसं नाही" म्हणून सुटका करून घेऊ नये. तुमचा कडबा हेच तुमचं वाळकं गवत होतं. ज्वारी गेली, सोयाबीन आणि ऊस आला, कडबा महाग झाला. मग जनावरांपुढे उसाचं वाढं येतं. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. चार दिवस चालेल, वाढत्या कालवडीला वर्षभर चालणार नाही. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळात चारा छावण्यांत ऊस खाऊन जनावरं जगली हे खरं, पण जगणं वेगळं आणि वाढणं वेगळं. ज्यांच्याकडे नुसता भुसा किंवा भाताचा पेंढा आहे त्यांनी युरिया प्रक्रिया करावी: शंभर किलो पेंढ्याला चार किलो युरिया पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थर देत शिंपडून, प्लास्टिकने हवाबंद करून तीन आठवडे. उघडल्यावर वास जाईपर्यंत पसरून मग घाला. सहा महिन्यांखालच्या वासराला अजिबात नाही. आणि युरियाचं पाणी जनावराच्या तोंडाला लागेल असं ठेवू नका, जीव जातो.

तर ज्यांना पन्नास गायी आणायच्यात त्यांना माझं सांगणं. यंदा गायी आणू नका. यंदा जमीन बघा, कुरण राखा, जूनला स्टायलो टाका, एखाद्या एकरावर लसूणघास करा, पाण्याची मोजणी मेमध्ये करा, जानेवारीत नाही. ऑक्टोबरात कापा, गाठी मोजा. त्या गाठींना जेवढी जनावरं जूनपर्यंत पुरतील त्याच्या तीन चतुर्थांश आणा, आणि त्यांतही सगळ्या दुभत्या नकोत. दहा गायी आणि दहा वर्षा-वर्षाच्या कालवडी घ्या. त्या दहा कालवडी तुमच्या हाताखाली सत्तावीस-अठ्ठावीस महिन्यांना व्यायल्या, तर पुढच्या चाळीस विकत घ्यायची गरजच पडणार नाही. चाळीस महिन्यांना व्यायल्या, तर पुढच्या चाळीस घेऊ नका.

पुढच्या भागात मुरघास. कोकण आणि घाटमाथ्यावरच्या मंडळींनी तो चुकवू नये. खड्डा किती खोल, मका कोणत्या अवस्थेत कापायचा आणि प्लास्टिकच्या पिशव्यांत केलेला मुरघास का सडतो, ते सगळं बोलू. जय हिंद.